पॅलिथोआ काढून देणारी घरपोच सेवा : बारा मिनिटांचे काम, अडीच तासांची खबरदारी

गेल्या श्रावणात फोंड्यातील आमच्या घरी खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीतून पॅलिथोआ या विषारी प्रवाळाची एक वसाहत काढून घेतली. त्यासाठी मत्स्यपेट्यांची देखभाल करणाऱ्या दोघाजणांच्या एका छोट्या सेवेला बोलावले होते. मजुरी ३,२०० रुपये झाली आणि येण्याजाण्याचे ३०० वेगळे. दोघे अडीच तास घरात होते, पण छिन्नी प्रत्यक्ष चालली ती जेमतेम बारा मिनिटे. बिल पाहून सासूबाईंनी विचारले, "बारा मिनिटांचे साडेतीन हजार?" प्रश्न रास्त होता. माझे उत्तर असे की आपण पैसे मोजले ते त्या बारा मिनिटांचे नव्हेत, उरलेल्या दोन तासांचे. आणि ही सेवा चांगली की वाईट हे ठरवायचे ते त्या दोन तासांवरूनच. हे लिखाण जाहिरात ठरू नये म्हणून त्यांचे नाव देत नाही.

आमची टाकी चार फुटी, सुमारे अडीचशे लिटरची. वास्कोहून बदली होऊन गेलेल्या एका कुटुंबाकडून ती खडकांसकट घेतली होती. त्यातल्या एका खडकाच्या बुंध्याशी शर्टाच्या बटणाएवढ्या तोंडाचे आणि कडेने आखूड झालर असलेले सात-आठ तपकिरी पॉलिप, म्हणजे वसाहतीतले एकेक जीव, होते. यजमानांना ती फुले वाटली आणि मलाही त्यात वावगे काही वाटले नाही. दोन वर्षांत त्या सात-आठांचे साठ-सत्तर झाले, शेजारचे मशरूम प्रवाळ त्यांच्याखाली गडप झाले आणि वसाहत दुसऱ्या खडकावर चढली. तेव्हा टाकी धुऊन देणाऱ्या एका गृहस्थांना विचारले. ते अगदी सहज म्हणाले की खडक बाहेर काढा, मोरीत ठेवा आणि वरून उकळते पाणी ओता, पाच मिनिटांत सगळे मरून जाईल. मी उच्च माध्यमिक विद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे कशावर काय ओतायचे हे आधी विचारून घेण्याची सवय आहे. त्या सवयीने आम्हाला वाचवले असेच म्हणावे लागेल, कारण त्या गृहस्थांचा सल्ला हा या प्राण्याच्या बाबतीत देता येण्याजोग्या सल्ल्यांपैकी सर्वांत घातक होता.

पॅलिथोआ हे झोअँथिड गटातले जीव. पाषाणी प्रवाळांची ही दूरची भावकी, पण स्वतःचा चुन्याचा सांगाडा न बांधता अंगात वाळूचे कण भरून घेणारी. त्यांच्यातील काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते. ते शुद्ध स्वरूपात प्रथम वेगळे केले गेले ते १९७१ मध्ये, हवाई बेटांवरील पॅलिथोआतून. माउई बेटावरील हाना भागात खडकांतील एका डबक्यात वाढणाऱ्या या जीवाला तेथील लोक 'हानाचे जीवघेणे शेवाळ' म्हणत आणि पूर्वीचे योद्धे भाल्याच्या टोकाला ते चोळत, अशी तिकडची जुनी कथा आहे. एकेका रेणूत १२९ कार्बन अणू असलेले हे विष उकळण्याने नष्ट होत नाही. उलट, पाणी उकळते तेव्हा किंवा खडक जोरात घासला जातो तेव्हा उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर ते हवेत जाते आणि खोलीत जो कोणी असेल त्याच्या श्वासात उतरते. आपल्या प्रत्येक पेशीच्या पटलावर सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. पॅलिटॉक्सिन त्या पंपाला चिकटते आणि त्याचे सताड उघडे दार करून टाकते. मग सोडियम आत घुसतो, पोटॅशियम बाहेर गळतो आणि स्नायू, मज्जातंतू, हृदय यांचा ताल बिघडतो. यावर उतारा नाही. रुग्णालयात लक्षणांवर उपचार करीत रुग्णाला सावरून धरणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरमध्ये २०१८ साली टाकीची सफाई केल्यानंतर एक अख्खे कुटुंब रुग्णालयात दाखल झाले होते. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात मत्स्यपेट्यांच्या दुकानांत आणि घरांत असे प्रसंग घडले आणि अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१५ मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध केली.

आता सेवेकडे वळते. फोनवर भाव सांगण्याआधी त्या दोघांतल्या एका मुलाने मला इतके प्रश्न विचारले की एखाद्या दवाखान्यात केसपेपर काढतो आहोत असे वाटावे. वसाहतीचे फोटो पांढऱ्या दिव्यात काढून पाठवा, निळ्या दिव्यात नकोत. घरात दमा असलेले कोणी आहे का. लहान मुले किती. मांजर-कुत्रे आहे का. टाकी ज्या खोलीत आहे तिला समोरासमोर खिडक्या आहेत का. खडक उचलून बाहेर मोकळ्या जागी नेता येईल का. फोटो पाहून त्याने 'ही बहुधा पॅलीच' असे सांगितले आणि लगेच पुस्ती जोडली की रंगावरून विष ओळखता येत नाही, त्यामुळे प्रत्येक झोअँथिड विषारीच आहे असे धरून आम्ही काम करतो. हे म्हणणे अचूक आहे. दिसायला सारख्या असलेल्या दोन वसाहतींपैकी एकीत विष जवळजवळ नसते आणि दुसरीत भरपूर असते, असे दुकानांतून घेतलेल्या नमुन्यांच्या तपासणीत आढळलेले आहे. ठरलेल्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता, तेव्हा त्याने स्वतःच फोन करून येणे रद्द केले. खिडक्या बंद ठेवून मी हे काम करणार नाही, उघडीप मिळाली की कळवा, असे तो म्हणाला. त्या वेळी मला राग आला, कारण मी त्यासाठी रजा टाकली होती.

उघडीप नऊ दिवसांनी मिळाली. आल्या आल्या त्यांनी टाकीकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि पंखा बंद केला, कारण हवा बाहेर जायला हवी पण घरातल्या घरात फिरायला नको. मनीला माडीवरच्या खोलीत कोंडायला लावले. कुत्र्यामांजरांनी असा खडक किंवा त्याचे पाणी चाटले तर ती दगावू शकतात. सासूबाई चहा घेऊन आल्या तेव्हा त्या दोघांतल्या थोरल्याने हात जोडले, "आजी, चहा शेवटी घेऊ. या खोलीत आता खाणे-पिणे नको." माझ्या बोटावर खोबरे किसताना झालेली जखम होती; ती पाहून त्याने मला टाकीपासून सहा हात लांब बसवले आणि मी काम संपेपर्यंत तिथूनच पाहिले. त्यानंतर टाकीतले पंप, लाटा उठवणारा वेव्हमेकर आणि पाण्यातली घाण काढणारा स्किमर यांच्या पिना उपसल्या, म्हणजे तुटलेले तुकडे प्रवाहाबरोबर टाकीभर पसरणार नाहीत आणि पाण्यात हात असताना विजेचाही प्रश्न राहणार नाही. मग दोघेही नुसते बसून राहिले. पॉलिप पूर्ण मिटेपर्यंत थांबायचे होते. त्यात वीस मिनिटे गेली. बिलावर नजर ठेवणाऱ्या माणसाला ही वीस मिनिटे फार टोचतात.

खडक उचलण्याची त्यांची पद्धत मुद्दाम सांगण्याजोगी आहे. खडक हाताने धरून पाण्याबाहेर काढला की तो गळतो, पॉलिप दाबले जातात आणि दाबलेला पॉलिप आतले पाणी पिचकारीसारखे उडवतो. म्हणून त्यांनी परातीसारखा एक खोल ट्रे टाकीतच बुडवला, खडक पाण्याखालीच त्यात सरकवला आणि ट्रे पाण्यासकट उचलून टाकीच्याच पाण्याने भरलेल्या झाकणाच्या टबात सोडला. एवढी काळजी घेऊनही काठावरच्या एका पॉलिपने पिचकारी मारलीच. धाकट्याच्या गॉगलच्या काचेवर, उजव्या डोळ्याच्या बरोबर समोर, एक दाट थेंब येऊन बसला आणि हळूहळू खाली ओघळला. कोणी काही बोलले नाही. त्याने हात जिथल्या तिथे स्थिर धरले, थोरल्याने टबावर झाकण ठेवले, मग धाकटा मागे सरला, हातमोजे काढून टाकले, गॉगल पट्टीला धरून उतरवला, धुतला, नवे मोजे चढवले आणि परत आला. मी चष्मा लावते. याआधी कित्येकदा याच टाकीत मी नुसत्या चष्म्यावर भिस्त ठेवून वाकलेली आहे, आणि चष्म्याच्या खालून, बाजूने केवढी जागा उघडी असते ते मला त्या क्षणी नीट दिसले. हे विष डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होऊन दृष्टीवर बेतू शकते.

पुढचे काम राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या चौकात, झाले. वर आकाश उघडे, त्यामुळे जागा त्यांना पसंत पडली. छिन्नी चालवली ती टबातल्या पाण्याखाली. धार पॉलिपला नव्हे, त्याच्या बुडाखालच्या खडकाला लावायची, म्हणजे अर्ध्या इंचाची खपली वसाहतीसकट सुटून येते आणि पॉलिप फाटत नाही. घासणी नाही, ब्रश नाही, करवत नाही. दोन खडकांतला लहान खडक पूर्ण माखला होता. तो वाचवण्याचा नाद त्यांनी सोडायला लावला आणि आख्खा ब्लीचच्या बादलीत घातला. या बादलीत एक भाग घरगुती ब्लीचला नऊ भाग पाणी होते. ब्लीचची बाटली नवी, न फोडलेली हवी असा त्यांचा आग्रह होता, आणि तो योग्य आहे, कारण आपल्या उष्ण हवेत फडताळात पडून राहिलेल्या ब्लीचची ताकद महिन्यागणिक उतरते. हत्यारे, ट्रे, मोजे आणि टबातले पाणी हे सगळे त्याच द्रावणात किमान अर्धा तास राहिले. इथे माझ्या विषयातली एक गोष्ट सांगून ठेवते. ज्या बादलीत ब्लीच आहे तिच्यात संडास धुण्याचे आम्लयुक्त द्रावण चुकूनही पडता कामा नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि मग पॅलिटॉक्सिनपासून वाचलेला माणूस त्या वायूने गुदमरतो. हे त्यांनी सांगायला हवे होते, ते सांगितले नाही. आमच्या मोरीत दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असतात आणि बहुतेक घरांत तसेच असते.

टबातले पाणी टाकीत परत ओतले नाही. त्याऐवजी त्यांनी आरओच्या पाण्यात रीफ सॉल्ट, म्हणजे प्रवाळांच्या टाकीसाठीचे खास मीठ, कालवून आणलेले वीस लिटर ताजे पाणी, विशिष्ट गुरुत्व १.०२५ असल्याची खात्री करून, टाकीत घातले. सासूबाईंनी आगरातले जाडे मीठ सुचवून पाहिले होते, पण प्रवाळांना लागणारे कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यात योग्य प्रमाणात नसते. टाकीत नवा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन बसवला, कारण पाण्यात उतरलेले विष तो शोषून धरतो, आणि तो तीन दिवसांनी बदलायला सांगितला. तीन दिवसांत मासे, कोळंबी आणि उरलेले मशरूम यांच्यापैकी कशालाही काही झाले नाही. पंप आणि चिलर दोन तास बंद राहिल्याने पाणी २६ अंशांवरून साडेसत्तावीसवर गेले होते, ते संध्याकाळपर्यंत उतरले.

आता तक्रारी. पहिली गंभीर आहे. थोरल्याच्या तोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क होता, पण धाकट्याने शस्त्रक्रियेच्या वेळी लावतात तसला पातळ निळा मास्क लावला होता, जो गालांपाशी उघडाच असतो आणि तुषार गाळण्यासाठी बनलेलाही नसतो. गॉगलच्या बाबतीत एवढे काटेकोर असणाऱ्या माणसांनी श्वासाच्या बाबतीत अशी ढिलाई करावी हे मला पटले नाही. मी तसे बोलून दाखवले, तेव्हा "त्याला एन-९५ मध्ये घाम येतो, ताई" असे उत्तर मिळाले. फोंड्याच्या दमट हवेत घाम कोणाला येत नाही? दुसरी तक्रार हातमोज्यांची. मोजे नायट्राइलचे आणि एकावर एक दोन जोड्या होते, हे उत्तम. पण मनगटापाशी संपणारे होते आणि टाकीत हात कोपरापर्यंत जातो. मी नंतर स्वतःसाठी कोपराच्या वरपर्यंत येणारे जाड नायट्राइलचे मोजे घेतले. भांडी घासण्याच्या रबरी मोज्यांपेक्षा त्यांत बोटांना जाण चांगली राहते, पण ओले झाले की ते उतरवताना उलटे होतात. त्यामुळे ते अंगावर असतानाच धुऊन घ्यावे लागतात. तिसरी तक्रार बादलीची. मेलेली वसाहत आणि खडक ते सोबत नेतील असे मला वाटले होते. त्यांनी बादली झाकून राजांगणाच्या कोपऱ्यात ठेवली आणि उद्यापर्यंत हात लावू नका एवढे सांगून ते निघाले. दुसऱ्या दिवशी झाकण काढले तर पॉलिप भिजवलेल्या चुरमुऱ्यांसारखे पांढरे पडले होते. ते दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात दिले आणि पाणी भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडले. मागच्या व्हाळात (ओढ्यात) टाकून मोकळे होण्याचा मोह कोणालाही व्हावा असेच ते काम होते, आणि साडेतीन हजार घेणाऱ्या सेवेने तो मोह ग्राहकाच्या पदरात टाकू नये.

एका गोष्टीचे मात्र मनापासून कौतुक करते. निघताना थोरल्याने हाताएवढे एक कार्ड दिले. त्यावर विषाचे नाव ठळक अक्षरांत आणि खाली लक्षणे : तोंडाला कडवट, धातूसारखी चव, थंडी वाजून ताप, खोकला, छाती आवळणे, धाप, हातापायांना मुंग्या, स्नायू दुखणे, डोळे लाल होणे. ही लक्षणे काही मिनिटांत दिसू शकतात, तशीच काही तासांनीही. म्हणून रात्री कोणाला ताप चढला तर फ्लू समजून झोपून राहू नका, १०८ ला फोन करा, बांबोळीला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, गेलात तर हे कार्ड डॉक्टरांच्या हातात द्या, असे त्याने बजावले. पॅलिटॉक्सिनचा रुग्ण कोणत्याही डॉक्टरच्या वाट्याला क्वचितच येतो आणि घरच्यांनी टाकीचा उल्लेखच केला नाही तर निदानाला दिशा कशी मिळणार? रक्तातील पोटॅशियम, स्नायूंना झालेली इजा दाखवणारी सीके ही चाचणी आणि हृदयाचा आलेख, ही तीन नावे कार्डाच्या तळाशी होती. सगळा मजकूर इंग्रजीत होता. सासूबाईंसाठी मी मागच्या बाजूला मराठीत लिहून ते कार्ड फ्रिजवर लावले आहे.

त्यांच्याकडून पाषाणी प्रवाळाचा एखादा तुकडा मिळेल का, असे यजमानांनी जाता जाता विचारून पाहिले. पाषाणी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्याला आम्ही हात लावत नाही, असे सरळ उत्तर मिळाले. यजमान थोडे वरमले.

दीड महिन्याने मोठ्या खडकाच्या फटीत तीन बारीक तपकिरी तोंडे पुन्हा दिसली. छिन्नीतून एखादा कण सुटला तरी त्यातून वसाहत वाढते, त्यामुळे याचे खापर मी त्यांच्यावर फोडत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी तशी शक्यता सांगितली होती. फोन केला तर दुसऱ्या फेरीचे १,५०० रुपये सांगितले आणि पाऊस पुरता ओसरल्यावर, दिवाळीनंतरच येऊ असे म्हणाले. मी तारीख ठरवली आहे. या वेळी रजा टाकलेली नाही, रविवार धरला आहे, आणि तीन अटी घातल्या आहेत : धाकट्याला एन-९५, दोघांना कोपरापर्यंतचे मोजे, आणि जाताना बादली त्यांच्या गाडीत.